पर्यावरणाचे २ क्रेडिट ३ करायचेत, मंजुरी कुठून कुठून घ्यावी लागेल?

मॅडम, आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा लिहितो, चुकलं असेल तर सांगा. तुमचं कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवणारं, पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपर व्हीईसीमध्ये, म्हणजे मूल्यशिक्षणाच्या खान्यात, २ क्रेडिटचा आहे, प्राचार्य म्हणतात ३ करा, ते काम तुमच्या गळ्यात पडलंय, आणि तुम्हाला विचारायचंय की मंजुरी कोण देतं, विद्यापीठाला विचारायला लागतं का, आणि जूनच्या आत होईल का.

सरळ सांगतो, ३ च्या नादी लागू नका. प्राचार्यांचं म्हणणं चूक आहे असं नाही, उलट त्यांचं दुखणं मला पूर्ण कळतं. जुन्या लोकांना आठवत असेल, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर यूजीसीने पर्यावरणाचा सहा महिन्यांचा सक्तीचा मॉड्युल आणला होता, तो ५० लेक्चरचा होता, त्यातली ५ फील्डवर्कची. आता २ क्रेडिट म्हणजे थिअरीचे ३० तास. ५० चं ३० मध्ये कोंबायचं म्हटलं की ज्याने तो पेपर वर्षानुवर्षं मनापासून शिकवलाय त्याचा जीव तुटणारच. पण त्यावर क्रेडिट वाढवणं हा उपाय सगळ्यात अवघड, आणि त्याहून सोपी एक वाट आहे, ती पुढे सांगतो.

माझी २९ वर्षं नोकरी झाली, त्यात दोन टर्म बीओएसवर, म्हणजे विषयाच्या अभ्यास मंडळावर, एक टर्म विद्यापीठाच्या अकॅडमिक कौन्सिलवर, आणि शेवटची सहा वर्षं एका ऑटोनॉमस कॉलेजात परीक्षा आणि अभ्यासक्रम दोन्हीचं गाडं ओढलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, क्रेडिट कुणाला दिलं जात नाही, ते कुणाचं तरी काढून घ्यावं लागतं. त्यामुळे ३ करा असा प्रस्ताव आला की मी पहिला प्रश्न विचारायचो, कोणाचं एक कमी करताय? याचं उत्तर कागदावर नसेल तर तो प्रस्ताव कितीही चांगला असला तरी परत येणार, फक्त किती महिन्यांनी एवढाच प्रश्न.

आता तुमच्याकडचा पहिल्या सेमिस्टरचा तक्ता काढून समोर ठेवा. साधारण असा असेल, तीन विषय प्रत्येकी ४ म्हणजे १२, वर ओपन इलेक्टिव्ह २, एसईसी म्हणजे कौशल्याचा कोर्स २, एईसी म्हणजे भाषेचा २, व्हीईसी २ आणि आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा किंवा सीसी म्हणजे खेळ, एनएसएस असले सहअभ्यासक्रम २. झाले २२. आणि राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या जीआरपासून चौकट आहे ती सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. पुढे १३ मार्च २०२४ चा सुधारित जीआर आला, विषयांची मांडणी बदलली, पण ही मर्यादा तशीच राहिली. म्हणजे तुम्ही आधीच छताला टेकलेल्या आहात. २३ झाले की जीआर मोडला, आणि ऑटोनॉमस असा नाहीतर नसा, जीआर मोडायचा अधिकार कॉलेजला नाही. मग दुसऱ्या कुणाचं तरी कमी करायचं. भूगोलाचे ४ चे ३ करा म्हणून बघा, भूगोलाचे विभागप्रमुख दुसऱ्या दिवशी तुमच्याशी बोलतात का ते सांगा. सीसीचे २ चा १ करा तर जिमखाना आणि एनएसएस दोघं एक होतील, एरवी कधी होत नाहीत.

बरं, एक गंमत बघा. यूजीसीचा डिसेंबर २०२२ चा जो यूजी क्रेडिट फ्रेमवर्क आहे त्यात ३ क्रेडिटचे कोर्स आहेतच, मल्टिडिसिप्लिनरी ९ क्रेडिट म्हणजे ३ चे तीन कोर्स, स्किलचे ९, व्हॅल्यू ॲडेडचे ६ ते ८. महाराष्ट्राने हे आपल्या पद्धतीने बसवलं, २ आणि ४ च्या पटीत, एईसीचे एकूण ८ त्यातले ४ इंग्रजीचे ४ भारतीय भाषेचे, व्हीईसीचे ४, आयकेएसचे २, असं. त्यामुळे प्राचार्य तुम्हाला यूजीसीचं पीडीएफ दाखवून म्हणतील की ३ चालतात की, आणि ते खोटंही नाही. पण आपल्याकडे लागू होतो राज्याचा तक्ता, आणि त्यात ३ ला जागा नाही. शिवाय मार्कांचं बघा, बऱ्याच ठिकाणी १ क्रेडिटला २५ मार्क धरतात, २ चे ५०, ४ चे १००. ३ म्हणजे ७५. ७५ चा पेपर निघाला की परीक्षा विभाग डोक्याला हात लावतो कारण इंटर्नल-एक्स्टर्नलची विभागणी, पासिंगचा आकडा, सॉफ्टवेअरमधला साचा, सगळं ५० आणि १०० वर बसवलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही हं. माझी भाची टेक्सासला, तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत शिकते, तिकडे कोअर करिक्युलम म्हणून ४२ क्रेडिट सगळ्यांना सक्तीचे, इंजिनिअरिंगवाल्यांनाही अमेरिकन इतिहासाचे ६ आणि सरकार-राज्यघटनेचे ६ करावेच लागतात, सुटका नाही. तिकडेही ४२ हा आकडा राज्याचा, युनिव्हर्सिटीला फक्त त्या खान्यांत कुठले कोर्स बसवायचे एवढंच ठरवता येतं, आणि तेही राज्याच्या बोर्डाकडे पाठवून. फायदा असा की एका सरकारी कॉलेजात कोअर पूर्ण केला की दुसरीकडे तो आख्खाच्या आख्खा धरतात. आपल्याकडे एबीसीमध्ये, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, क्रेडिट जमा करून कॉलेज बदलायची सोय केली, तिच्यामागे हाच विचार आहे. प्रत्येकाने आपापला आकडा ठेवला तर ते जुळणारच नाही.

आता मंजुरीची वाट. संलग्न कॉलेज असतं तर गोष्ट लांब होती, म्हणजे कॉलेजला काहीच अधिकार नाही, विद्यापीठाच्या बीओएसने सुचवायचं, मग फॅकल्टी, म्हणजे डीनसाहेबांच्या अध्यक्षतेखालची विद्याशाखा, मग अकॅडमिक कौन्सिल म्हणजे विद्या परिषद, तिथे कुलगुरू अध्यक्ष. पासिंगचे नियम किंवा एटीकेटीला हात लागणार असेल तर ऑर्डिनन्स लागतो आणि तो व्यवस्थापन परिषदेकडे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात हे सगळं दिलेलं आहे. आणि मे महिना उजाडला तरी कौन्सिलची बैठक लागली नसेल तर कलम १२(७), कुलगुरू कौन्सिलच्या वतीने मान्यता देतात आणि पुढच्या बैठकीत ते कळवलं जातं. तुम्ही विद्यापीठाची सर्क्युलरं नीट वाचलीत तर दिसेल, किती अभ्यासक्रम या १२(७) च्या दारातून आलेत. तातडीसाठी ठेवलेलं दार आहे ते, पण आपल्याकडे तातडी दरवर्षी मे महिन्यात न चुकता येते.

तुमचं ऑटोनॉमस आहे म्हणजे एक पायरी कमी, फॅकल्टी नाही. विषयाची बीओएस, मग कॉलेजची अकॅडमिक कौन्सिल, बस. गव्हर्निंग बॉडीकडे कधी जायचं, तर पैसा, नवीन पद, नवीन प्रोग्रॅम असेल तर. नुसत्या एका कोर्सच्या बदलाला नाही. विद्यापीठाला वेगळं विचारायला जायचं का, तर चौकटीच्या आतला बदल असेल तर नाही, कारण विद्यापीठाची माणसं तुमच्या टेबलावरच बसलेली असतात, बीओएसवर कुलगुरूंनी नेमलेले एक आणि अकॅडमिक कौन्सिलवर तीन. पण कळवायचं मात्र न विसरता, कारण डिग्री विद्यापीठाचीच निघते.

इथे तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे, पर्यावरण कोणाच्या बीओएसचं? मराठीचा पेपर मराठीच्या बीओएसचा, अकाउंट्सचा अकाउंट्सच्या, पण सगळ्यांना सक्तीचा पेपर कुणाचाच नसतो. बॉटनीवाले म्हणतात आमचा, भूगोलवाले म्हणतात आमचा, आणि तास वाटायची वेळ आली की दोघंही म्हणतात तुमचाच. विद्यापीठात याच्यासाठी निदान चौथी विद्याशाखा आहे, आंतरविद्याशाखीय अभ्यासाची, तिकडे ढकलता येतं. कॉलेजात तसं काही नसतं. तर पहिलं काम हे करा की प्राचार्यांच्या सहीने सामायिक अभ्यासक्रमांसाठी एक वेगळी बीओएस किंवा ॲड-हॉक समिती लेखी नेमून घ्या, आणि ती नेमणूक अकॅडमिक कौन्सिलच्या कामकाजात नोंदवून घ्या. मी हे न करता एकदा सीसीचा पेपर नेला होता, तर विद्यापीठाचे एक प्रतिनिधी, वयस्कर, शांत गृहस्थ, चष्मा पुसत पुसत म्हणाले, हे कुठल्या बोर्डाने शिफारस केलंय? मी म्हटलं समितीने. कोणती समिती? नेमल्याचा कागद? नव्हता. सहा महिने गेले, वड्याची प्लेट संपायच्या आत.

आता ती सोपी वाट सांगतो म्हटलं होतं ती. क्रेडिट २ च ठेवा, आतली विभागणी बदला. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकल किंवा फील्डवर्कचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. २ थिअरी म्हणजे ३० तास होतात, पण १ थिअरी अधिक १ फील्डवर्क केलं तर १५ अधिक ३०, ४५ तास. जुन्या ५० च्या जवळ आलात की नाही! बेरीज २२ च राहते, मार्क ५० च राहतात, जीआरला धक्का नाही, कुणाचं काढून घेतलं नाही. आणि पर्यावरण हा विषय वर्गात बसून शिकायचा नाहीच मुळी, गावातला ओढा, कचरा डेपो, शेतातली बोअरवेल, हे बघितल्याशिवाय त्यात काय शिकणार? त्याहूनही जास्त हवं असेल तर दुसऱ्या वर्षातल्या कम्युनिटी एंगेजमेंटच्या २ क्रेडिटमध्ये पर्यावरणाचे विषय टाका, तिथे कुणी अडवणार नाही.

या बदलालाही मंजुरी तीच लागते, बीओएस आणि अकॅडमिक कौन्सिल, पण पास होण्याची शक्यता फार वेगळी.

मात्र वर्कलोडचा हिशोब आधी करून ठेवा, कारण मीटिंगमध्ये सगळे शैक्षणिक बोलतात आणि मनात वर्कलोड असतो. समजा तुमच्याकडे पहिल्या वर्षाच्या ६ तुकड्या आहेत. २ क्रेडिट थिअरी म्हणजे आठवड्याला २ तास, गुणिले ६, १२ तास. ३ क्रेडिट केले असते तर १८. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात, म्हणजे १२ चं काम एका माणसात बसत होतं ते १८ ला बसत नाही, दुसरा माणूस किंवा सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचा शिक्षक, लागणार. आता १ अधिक १ मध्ये पण आठवड्याला ३ तासच होतात, शिवाय फील्डवर्कला बॅच पाडल्या तर आणखी वाढतात. मग फरक काय? फरक हा की फील्डवर्क दर आठवड्याला टाइमटेबलात बसवायची सक्ती नाही, शनिवारी तीन-चार तासांच्या फेऱ्या करता येतात, दोन-तीन विभागांचे शिक्षक वाटून घेतात. पण हे कोण घेणार ते नावानिशी ठरवून जा. आणि हजेरीची वही, भेटीचा रिपोर्ट, रुब्रिक म्हणजे मार्क द्यायचे निकष, हे सगळं आधी तयार ठेवा, नाहीतर ते ३० तास नुसते कागदावर होतात आणि मुलं सोसायटीच्या गेटवरच्या झाडाचा फोटो चिकटवून मोकळी.

प्रस्तावाचा कागद कसा असावा हे सांगतो कारण तिथेच निम्मे लोक पडतात. लोक वीस पानं सिलॅबस लिहितात, युनिट एक युनिट दोन, संदर्भग्रंथ ढीगभर, आणि पहिलं पान कोरं. मला उलटं पाहिजे. पहिल्या पानावर एकच तक्ता, डावीकडे सध्याचं, उजवीकडे प्रस्तावित. कोर्स कोड, क्रेडिट, त्यातले थिअरी किती प्रॅक्टिकल किती, तास, मार्क, अंतर्गत-बाह्य, आणि सेमिस्टरची एकूण बेरीज दोन्हीकडे लिहिलेली. खाली एक ओळ, कुठल्या शैक्षणिक वर्षापासून आणि कुठल्या बॅचला लागू. ही एक ओळ.

ही ओळ राहिली की काय होतं ते मी भोगलंय. एका संस्थेत, नाव कशाला घ्या, आम्ही एक सामायिक कोर्स २ चा ४ केला आणि दुसरा एक २ चा काढून टाकला, बेरीज बरोबर, कौन्सिलने टाळ्या वाजवून मंजूर केलं. इतिवृत्तात लिहिलं गेलं, सदर बदलास मान्यता देण्यात येत आहे. कधीपासून, नाही लिहिलं. परीक्षा विभागातल्या माणसाने, त्याची चूक नाही, सॉफ्टवेअरच्या मास्टरमध्ये कोर्सचे क्रेडिट बदलले. मास्टर एकच होता. झालं काय, की आदल्या वर्षी २ क्रेडिटने पास झालेली आणि आता जुन्याच पॅटर्नने रिपीट करणारी पोरं, त्यांचाही हिशोब ४ ने झाला. एसजीपीए म्हणजे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंटची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. एका कोर्सचं क्रेडिट बदललं की वरचा आकडाही बदलतो आणि खालचाही. तुमच्याच उदाहरणावर करून बघा, बाकीच्या २० क्रेडिटचे १४० पॉइंट आणि पर्यावरणाला ग्रेड पॉइंट १०, तर २ क्रेडिटने १६० भागिले २२, ७.२७ येतात. तोच ३ ने धरला तर १७० भागिले २३, ७.३९. मुलाने काहीच केलेलं नाही, फक्त कुणीतरी एक आकडा बदलला. एका मुलीच्या बापाने मार्कशीट घेऊन कॅल्क्युलेटरवर बोट ठेवून मला हे दाखवलं, तो स्वतः सोसायटीत सेक्रेटरी होता, हिशोब त्याचा पक्का. आम्ही आख्ख्या बॅचच्या मार्कशीट परत घेतल्या आणि दुरुस्त करून दिल्या, उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली.

तेव्हापासून माझा नियम, कोर्सचे क्रेडिट बदलले किंवा आतली विभागणी जरी बदलली तरी कोड नवीन. जुना कोड जुन्या क्रेडिटसकट जिवंत ठेवायचा, शेवटचा रिपीटर बाहेर पडेपर्यंत. आणि सोबत एक समकक्षता तक्ता, जुना कोर्स नापास असेल तर नवीन कुठला द्यायचा. हा तक्ता प्रस्तावाबरोबरच मंजूर करून घ्यायचा, नंतर करू म्हटलं की नंतर कधी येत नाही. एबीसीत क्रेडिट चढवताना पण कोड आणि क्रेडिट जुळावे लागतात. तिथे चुकीचा आकडा गेला आणि मुलगा पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं म्हणाला, तर त्याचे ४० ते ४४ क्रेडिट भरतात की नाही हे तेव्हा शोधत बसावं लागतं, वरचे ४ क्रेडिट स्किल कोर्सचे वेगळेच.

वेळेचं. जूनचे ॲडमिशन धरून उलटं मोजा. प्रॉस्पेक्टस छापायला मे, म्हणजे अकॅडमिक कौन्सिल मार्च किंवा फार तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे बीओएस जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे समिती नेमणं आणि विभागांशी बोलणं दिवाळीनंतर लगेच. तुम्ही आत्ता सुरू केलंत आणि फेब्रुवारीत बीओएस झाली तर जूनला बसेल. नाही बसलं तर पुढच्या वर्षी करा, पण आयत्या वेळचा विषय म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने घुसवू नका. मंजूर होतो तो, होत नाही असं नाही, सगळ्यांना जेवायला जायचं असतं. पण कुणी वाचलेला नसतो, आणि चूक निघाली की प्रत्येकजण म्हणतो मला कागद मिळालाच नव्हता, आणि ते खरं असतं.

विषयपत्रिका निघायच्या आधी बाहेरच्या तज्ज्ञांना आणि विद्यापीठाच्या प्रतिनिधींना एकेक फोन करा. लांडीलबाडी नाही यात, फक्त एवढं विचारायचं की सर, पहिलं पान पाठवलंय, काही खटकतंय का. कौन्सिलला प्रस्ताव परत पाठवायचा किंवा कारण देऊन नाकारायचा अधिकार आहे, आणि जे खटकायचं ते फोनवर खटकलेलं बरं. मी पाहिलेल्या बऱ्याचशा मंजुऱ्या मीटिंगच्या आधीच झालेल्या होत्या, मीटिंगमध्ये फक्त नोंद झाली. आणि मीटिंग संपल्यावर घरी जाऊ नका. तुमच्या विषयाचा ठराव, आयटम नंबर, कोड, क्रेडिटची विभागणी, शैक्षणिक वर्ष, बॅच, या सगळ्यासकट स्वतः मसुदा लिहून सचिवांच्या हातात द्या. ते रागावत नाहीत, उलट त्यांचं काम वाचतं.

स्वयमचं, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचं, तुम्ही शेवटी विचारलंत, पर्यावरणाऐवजी मुलांना स्वयमवरचा कोर्स करू द्यायचा का. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रोग्रॅमच्या एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण कुठले कोर्स चालतील ती यादी सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी कौन्सिलमधून मंजूर पाहिजे, आणि क्रेडिट तेवढेच पाहिजेत. ही यादी तुमच्या प्रस्तावाच्या मागेच जोडून टाका, एकाच बैठकीत दोन्ही होतील. फक्त फील्डवर्कवालं १ क्रेडिट स्वयमने भरून निघत नाही, तेवढं कॉलेजातच ठेवा, आणि तसं ठरावात लिहा.